मोगरामावशीचा आवाज

मोगरामावशीला मी इतकी वर्षं ओळखत होते आणि तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, हे मला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कळलं. त्या दुपारी माझ्या हातातली पाण्याची बाटली वाळूत पडली आणि ती उचलायचंही मला सुचलं नाही. कोणाला सांगायला गेले तर मध्येच माझी जीभ अडखळते, म्हणून लिहून ठेवते आहे.

मावशी अर्नाळ्याची. सकाळी किनाऱ्यावर मासळी घ्यायची, बाकीच्या बायकांबरोबर टेम्पोत बसायची आणि उन्हं वर यायच्या आत आमच्या बिल्डिंगच्या गेटात उतरायची. आमच्या तुळिंजमध्ये आवाज केल्याशिवाय काही विकलं जात नाही. भाजीवाला ओरडतो, पाववाला भोंगा वाजवतो, भंगारवाल्याने तर भोंग्यात स्वतःचा आवाज भरूनच ठेवलाय. मावशी मात्र जिन्याखाली पाटी उतरवायची आणि कोयता उलटा धरून लाकडी ठोकळ्यावर आपटायची. टक टक. बस्स. आधी मांजरी यायच्या, मग आम्ही.

तळमजल्यावरच्या सावंतकाकू तिला नेहमी टोचायच्या.

"काय गं मावशी, तोंडाला कुलूप घालून येतेस का? ती दुसरी बघ, नाक्यावरून ओरडते तर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं."

"तिच्या म्हावऱ्याचा वास पन चौथ्या मजल्यापर्यंत जातो," मावशी मान खाली घालून बोंबील साफ करत म्हणायची. "माझ्या बोंबलाला वास नाय. बगा हुंगून."

हेसुद्धा इतक्या हळू बोलायची, की सावंतकाकूंना वाकून ऐकावं लागायचं. भाव सांगायची तोही कानात गुपित सांगितल्यासारखा. अंगाने उंच, रापलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं घट्ट नेसलेली, अंबाड्यात कायम अबोलीचा गजरा. एवढ्या मोठ्या बाईतून एवढासा आवाज यायचा, म्हणून पोरं तिची नक्कल करायची. मला मोठ्याने बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते, त्यामुळे मला ती आवडायची. मी कधी घासाघीस केली नाही. मासळी पिशवीत टाकताना ती वर मूठभर मांदेली टाकायची आणि म्हणायची, "तू भांडत नाय ना बाय, मंग तुझ्या वाटचं मीच माझ्याशी भांडते."

तिची अजून एक सवय होती. पाटी डोक्यावर घेण्याआधी ती आवारात खेळणारी पोरं बोटाने मोजायची. ना कोणाची आत्या, ना कोणाची आजी. तरी मोजायची. एखादं कमी भरलं तर विचारायची, "ती दोन वेन्यांवाली कुटं हाय?" कोणी सांगितलं, की ती तापाने झोपलीय, की मग तिचा चेहरा सैल व्हायचा. "सगली हायत," असं स्वतःशीच म्हणायची आणि निघायची. मला वाटायचं, पोरांच्या पायात पाटी येऊ नये म्हणून बघत असेल.

माझी ऋतुजा तेव्हा लहान होती, दुसरीत की तिसरीत. एकदा मोरीत तिच्या खांद्यावर पाल पडली आणि ती अशी किंचाळली, की माझ्या हातातली कढई सुटली. मी तिच्यापर्यंत पोचते आहे, तोवर दारात मोगरामावशी. तीन जिने चढून आलेली. हातात कोयता, कोपरापर्यंत रक्त आणि खवले, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे नुसते पांढरे. दार धरून ती म्हणाली, "कोन? कोन गेला?"

तिला तशी बघून ऋतुजा पालीला विसरली आणि दुप्पट ओरडत खाटेखाली घुसली.

"काही नाही मावशी, पाल होती," मी म्हटलं.

मावशी उंबऱ्यातच बसली. तिला श्वास घेता येईना. मी पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही, तोंडावर मारलं. मग खाटेखाली वाकून ऋतुजाला म्हणाली, "पोरी, असं उगा ओरडायचं नाय. मानसं धावतात गो. सगलं टाकून धावतात." खाली तिची अर्धी पाटी मांजरींनी संपवली होती. सावंतकाकू पुढे आठवडाभर हसत होत्या, "पालीला मारायला कोयता घेऊन आली!" मीसुद्धा थोडी हसले. पण एक गोष्ट माझ्या मनात तशीच राहिली. पोरगी ओरडली, तर बाई विचारेल काय झालं, कोणाला लागलं. कोण गेलं, असं कोण विचारतं?

ऋतुजा मोठी झाली, वसईला जाहिरातीची चित्रं शिकायच्या कॉलेजात जायला लागली. माझी शाळा चौथीपर्यंत. ती काय शिकते ते मला सगळं कळत नाही, पण ती घरी चित्र काढत बसली की मी मागे उभी राहून बघते. मागच्या हिवाळ्यात सरांनी त्यांना काम दिलं. नसलेल्या भुताच्या सिनेमाचं पोस्टर करायचं. सिनेमाचं नाव आपणच ठेवायचं, चेहरा आपणच शोधायचा. वर्षाचे बरेच मार्क त्यावर होते. ऋतुजाने पांढऱ्या साडीतली बाई काढली, मोकळे केस, मागे वडाचं झाड आणि चंद्र. मला तर चांगली भीती वाटली. पण सरांनी कागद परत दिला.

"म्हणाले, ही बाई मी दरवर्षी बघतो. आता मी तिला घाबरत नाही, तीच मला घाबरते," ऋतुजा चिडून सांगत होती. "म्हणाले, तू स्वतः कधी घाबरलीयस का, ते शोध."

ती खाटेवर आडवी पडली. बराच वेळ दाराकडे बघत होती. मग ताडकन उठून बसली. "आई! मोगरामावशी!"

मावशीला विचारायचं काम माझ्यावर आलं, कारण मावशी माझं ऐकते असं ऋतुजाला वाटायचं. मी दोन दिवस नुसती मासळी घेऊन वर आले. तिसऱ्या दिवशी ऋतुजाच खाली उतरली.

"पिच्चर कवा लागनार?" मावशीने विचारलं.

"पिक्चर नाहीच आहे मावशी. नुसतं पोस्टर."

"पिच्चर नाय, तर पोस्टर कनाला?"

"कॉलेजसाठी. अभ्यास आहे."

"भूताचा अभ्यास?" मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, फी भरतेस ना तू?" मग कोयता पुसत तिने अटी घातल्या. केस सोडणार नाही. नवं लुगडं नेसणार. आणि फोटो अर्नाळ्यालाच काढायचा, बिल्डिंगमध्ये नको, सावंतबाई हसतात.

रविवारी आम्ही दोघी अर्नाळ्याला गेलो. दुपार होती. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून. पुरुष सावलीत जाळी दुरुस्त करत होते. पाण्यात होड्या नांगरलेल्या होत्या, काही अजून बाहेर होत्या. मावशी हिरवं नवं लुगडं नेसून, दोन गजरे माळून तयार होती. तिच्या नवऱ्याची म्हातारी काकी, काशीआजी, किनाऱ्यालगतच्या ओसरीवर जवळा निवडत बसली होती. ती म्हणाली, "भूत करायला नेताय तिला? आमच्याकडं भूतं कायी नवं लुगडं नेसत नाय." मावशी आवाज न करता हसली. तिचं हसणंही तसंच, खांदे हलायचे, बाकी काही नाही.

फोटो काही जमेना. फोन समोर धरला की मावशी आधारकार्डाला उभी राहिल्यासारखी ताठ व्हायची. "मावशी, डोळे मोठे कर. घाबरल्यासारखं कर," ऋतुजा सांगून थकली. मावशी डोळे मोठे करायची, ते डोळ्यांचा डॉक्टर तपासतो तसे दिसायचे. जवळा निवडता निवडता काशीआजी हसून लोळायची बाकी राहिली.

शेवटी ऋतुजा म्हणाली, "मावशी, तुला आठवतं का, मी लहान असताना माझ्या अंगावर पाल पडली होती? तू धावत वर आलीस. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. तू जे बोललीस ना, तेच मी पिक्चरचं नाव ठेवलंय. हे बघ." तिने फोनवर आपलं कच्चं चित्र दाखवलं. लाल अक्षरं होती. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून ऋतुजाने वाचून दाखवलं.

"कोन गेला?"

मावशीचं हसू थांबलं.

"तस्संच म्हण," ऋतुजा म्हणाली. तिचं सगळं लक्ष फोनमध्ये होतं. "समुद्राकडे बघून, मोठ्याने."

"मोठ्यानं नाय."

"एकदाच गं मावशी."

मावशी समुद्राकडे वळली. तिने पदराचा बोळा तोंडाशी नेला. हे मी शेकडो वेळा बघितलं होतं, खोकला आला, शिंक आली, काही लागलं, की तिचा पदर तोंडात. त्या दिवशी तो हात तोंडापर्यंत गेला आणि खाली आला.

आणि ती ओरडली.

मी माणसाचा असा आवाज ऐकलेला नाही. आधी नुसताच सूर होता, पोटातून ओढून काढलेला, वर वर चढत जाणारा. माझे कान बधिर झाले. मग त्या सुरातून नाव बाहेर पडलं. "नारनाऽऽऽ!" दोन्ही हात डोक्यावर आपटून ती पुन्हा ओरडली, "नारनाऽऽऽ!" ऋतुजाचं बोट फोनवर होतं ते तिथेच राहिलं. फोटो निघत राहिले.

त्यानंतर जे झालं, त्याने मी जास्त हादरले. सगळा कोळीवाडा उठला. वलांडीजवळच्या बायकांनी हातातले बोंबील जिथल्या तिथे टाकले. एक बाई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आली. जाळ्यावरचे पुरुष उठले आणि कोणी काही न विचारता सरळ पाण्यात शिरले. दोन होड्यांचे दोर सुटलेसुद्धा. बायका पाण्याच्या कडेला उभ्या राहून बोटं नाचवत होड्या मोजत होत्या. एकीचा मुलगा बाहेर गेलेला असणार, ती मोजता मोजता मटकन वाळूत बसली. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, "कोन? कोन गेला?"

तेव्हा मला माझ्या घराच्या दारात उभी राहिलेली मावशी दिसली. ती का तसं म्हणाली होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

कोणी गेलं नव्हतं, हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा एक म्हातारे नाखवा कमरेइतक्या पाण्यातून परत आले आणि ऋतुजासमोर उभे राहिले. "चेष्टा हाय का ही? फोटोसाठी? हितं असं कोनी ओरडत नाय, म्हायती हाय?" ऋतुजा रडायला लागली. मी पुढे व्हायला हवं होतं, पण मी झाले नाही. मावशी तशीच उभी, हात डोक्यावर, तोंड उघडं. तिला काही ऐकू येत नव्हतं.

काशीआजी काठी टेकत वाळूतून आली. नाखवाला म्हणाली, "गप ऱ्हा. नाव घेतलं तिनं. ऐकलं नाय तू?"

नाखवा मागे सरले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बुडालेल्या नवऱ्याचं नाव मावशीने तो गेल्यापासून उच्चारलं नव्हतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

काशीआजीने मावशीचे हात डोक्यावरून खाली घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ओरडू द्या तिला. तिचा नारन आज गेला."

मग एकेक बाई वाळूत बसली. मावशीला मध्ये घेतलं. पिठाच्या हातांची ती बाईसुद्धा बसली. आणि भर दुपारी, वाळत्या बोंबलांच्या बाजूला, त्या सगळ्या मोठमोठ्याने रडल्या. पुरुष पाठ करून होड्या परत बांधत राहिले.

संध्याकाळी ओसरीवर काशीआजीने मला सांगितलं. मावशी आत झोपली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा नारायणाची होडी उशिरा आली. बाकीच्या आल्या, ही दिसेना. मावशी नवी, घाबरट. तिने किनाऱ्यावर हाक फोडली. सगळा वाडा धावला, खवळलेल्या पाण्यात होड्या घातल्या, एकीचा तळ खडकावर फुटला. आणि तेवढ्यात समोरच्या किल्ल्याच्या बेटाआडून नारायण आला, होडीत उभा राहून भाकरी खात. "सगला वाडा हसला तिला," काशीआजी म्हणाली. "मी पन हसले. नारन तर लई हसला. म्हनायचा, माझी बायको मी जित्ता असतानाच मला रडून घेते. सनावारी, लग्नात, सगल्यांत सांगायचा. ती हसायची बिचारी."

पुढे बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसंच झालं. होडी दिसेना. मावशी किनाऱ्यावर उभी होती. हाक तिच्या घशापर्यंत आली होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि वाट बघत राहिली, लोक हसतील म्हणून. वाड्याच्या लक्षात आलं तोवर ओहोटी लागली होती, होड्या वाळूत टेकल्या होत्या.

"ती ओरडली असती तर तो वाचला असता?" मी विचारलं.

"ते दर्याला म्हायती," काशीआजी म्हणाली. "त्याला आनला तवा सगल्या रडल्या. ही नाय रडली, गजरा पन नाय काडला. त्या दिसापासून तिचा आवाज तू ऐकला तेवडाच."

घरी आल्यावर ऋतुजा म्हणाली, "मी ते फोटो पुसून टाकते." मी म्हटलं, ते तुझे नाहीत, तिला विचारून पूस. ती म्हणाली, "आणि पोस्टर? परवा द्यायचंय." मी तांदूळ धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी खालून टक टक ऐकू आलं. ती येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ऋतुजा फोन घेऊन खाली गेली, मी मागे. मावशीने हात लुगड्याला पुसून फोन घेतला आणि तो फोटो बघितला. उघडं तोंड, मानेच्या ताणलेल्या शिरा, डोक्यावरचे हात, सुटलेला गजरा. मला तो बघवत नव्हता. ती कितीतरी वेळ बघत होती.

"ही मी?" तिने विचारलं.

"मावशी, मी चुकले. मी पुसून टाकते," ऋतुजा म्हणाली.

"नको. लाव." तिने खवल्यांचं बोट पडद्यावर धरलं. तिच्या चेहऱ्यामागे लांबवर होड्या दिसत होत्या, नखाएवढ्या. ती एकेकीवर बोट ठेवत गेली. ओठ हलत होते. "पन यातली एक पन होडी कापायची नाय. सगल्या ऱ्हायला पायजेत."

ऋतुजाने कबूल केलं.

पोस्टर बघून सर म्हणे खुर्चीवरून उठले. वर्गातल्या दोन मुली ते बघून बाहेर गेल्या. सरांनी फक्त एक सांगितलं, मागच्या होड्या काढ, त्यांनी लक्ष विचलित होतं, चेहरा कागदभर येऊ दे. ऋतुजा नाही म्हणाली. सरांनी कारण विचारलं, ते तिने सांगितलं नाही. चेहरा छोटा राहिला म्हणून मार्क कापले गेले. घरी येऊन तिने मला तेवढंच सांगितलं आणि जेवायला बसली. मला माझ्या मुलीचा पहिल्यांदा धाक वाटला.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, तेव्हा मावशी यायची थांबली, ती नंतरही आली नाही. गुडघे गेले, जिने आणि टेम्पो जमत नाही, असा निरोप आला. जिन्याखाली मांजरी काही दिवस त्याच वेळेला येऊन बसायच्या. सावंतकाकूंनी सगळं ऐकल्यापासून पालीची गोष्ट सांगायची बंद केली होती.

दिवाळीनंतर मी एकटीच अर्नाळ्याला गेले. मावशी वलांडीजवळ स्टुलावर बसून बोंबील जोडत होती. थकली होती. ऋतुजाने पोस्टरची एक प्रत दिली होती, ती तिने घरात लावली होती, देवाच्या फोटोंपासून जरा लांब. लाल अक्षरांवर मात्र कॅलेंडर टांगलं होतं. "ते नाव नको," ती म्हणाली, "होड्या बगायला बरं वाटतं." आम्ही दोघी नेहमीसारख्या फारसं न बोलता बसलो. तिने मला सुकी मासळी बांधून दिली. मी निघाले, वाळूतून बरीच लांब आले.

"बाय गोऽऽऽ!"

तोच आवाज. मी गर्रकन वळले आणि माझी नजर आधी पाण्याकडे गेली. मी होड्या बघत होते. कुठली कमी आहे ते मला कसं कळणार, तरी मी एकेक बघत होते.

मग मला दिसलं, की किनाऱ्यावर कोणीच उठलेलं नाही. बायका बोंबील जोडत होत्या. पुरुष जाळ्यांवर वाकलेले. हा आवाज आता रोजचाच असल्यासारखी एकानेही मान वर केली नव्हती. मोगरामावशी स्टुलावरून अर्धवट उठून, माझी पिशवी डोक्यावर उंच धरून, घसा फोडून मला हाका मारत होती.

"अगो, पिशवी ऱ्हायली तुझीऽऽऽ!"